लहान आतडं आणि एसएमए (सुपिरिअर मेसेंटेरिक आर्टरी, त्याची मुख्य धमनी): डिसेक्शनचा नेमका क्रम, आणि दरवर्षी कुठे चुकतं

दरवर्षी ॲब्डोमेन सुरू झालं की पहिल्या दोन दिवसांत निम्म्या टेबलांवर एकच गोष्ट होते. पोट उघडलं, ओमेंटम (आतड्यांवर पसरलेला चरबीचा पडदा) बाजूला सारलं, समोर जे वेटोळं दिसलं ते उचललं आणि लगेच फोर्सेप्सने चरबी उकरायला सुरुवात. अर्ध्या तासात मेसेंटरीला (आतड्याला मागच्या भिंतीशी बांधणारा पडदा) भोकं पडलेली असतात, त्यातल्या आर्टऱ्यांच्या कमानी तुटलेल्या असतात आणि हातातला लूप वरचा की खालचा हे टेबलावरच्या एकालाही सांगता येत नाही. मग व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेत, "हे जेजुनम (लहान आतड्याचा वरचा भाग) कशावरून?" विचारलं की उत्तर येतं, "मॅडम, रंग जास्त लाल आहे." फॉर्मॅलिनमध्ये मुरलेल्या कॅडॅव्हरमध्ये सगळंच मातकट असतं हो, तिथे लाल कुठून दिसणार?

मी बरीच वर्षं डिसेक्शन हॉलमध्ये डेमो घेते, आणि माझं ठाम मत आहे की मुलांना माहिती कमी नसते, क्रम चुकतो. म्हणून हा लेख फक्त क्रमाचा आहे. फर्स्ट इयरच्या एमबीबीएसवाल्यांसाठी आहे, पण बीएएमएस, बीएचएमएसच्या मुलांनाही तसाच्या तसा चालेल. एक देह एकदाच मिळतो, कुणीतरी विश्वासाने दिलेला असतो, आणि एकदा तुटलेली आर्टरी परत जोडता येत नाही, तेव्हा घाई नको.

आधी तयारी

हॉलमध्ये जायच्या आदल्या रात्री कागदावर तीन गोष्टी न बघता काढा: ड्युओडेनमचा (लहान आतड्याचा पहिला भाग) सी, मेसेंटरीची तिरकी रेघ, आणि एसएमए-एसएमव्हीची (सुपिरिअर मेसेंटेरिक व्हेन, आर्टरीच्या शेजारची शीर) जोडी तिच्या ब्रांचेससकट. चित्र सुंदर नसलं तरी चालेल, पण उजवं-डावं बरोबर हवं. चित्रातलं उजवं म्हणजे कॅडॅव्हरचं उजवं, तुमचं नाही. हे वाचताना सोपं वाटतं पण टेबलाच्या दोन्ही बाजूंना मुलं उभी असतात आणि समोरचा "उजवीकडे ओढ" म्हणाला की अर्धे लोक उलटीकडे ओढतात. म्हणून आमच्या टेबलावर आम्ही "लिव्हरकडे" आणि "स्प्लीनकडे" असंच बोलतो, तुम्हीही तसं करा, घोळ होत नाही.

सामान जास्त लागत नाही. दात नसलेले दोन फोर्सेप्स, एक टोकदार कात्री, एक प्रोब, स्काल्पेल, दोन-तीन रंगांचा जाड शिवणाचा दोरा, टेप, आणि पाण्यात भिजवून पिळलेला सुती कपडा. दातवाले फोर्सेप्स स्किनसाठी ठेवा, मेसेंटरीत ते नकोत. स्काल्पेल या भागात फारसं लागतच नाही, नव्वद टक्के काम बोटांनी आणि बोथट फोर्सेप्सने होतं. ग्लोव्हज दोन जोड, ॲप्रन, केस बांधलेले, आणि कॉन्टॅक्ट लेन्स त्या दिवशी नको कारण पोटात वाकून काम करताना फॉर्मॅलिनची वाफ थेट डोळ्यात येते. ब्लेड बदलताना बोटांनी ओढू नका, आर्टरी फोर्सेप्सने काढा आणि शार्प्सच्या डब्यातच टाका. मोबाईल बाहेर. फोटो काढायचा नाही, मित्राला दाखवायला सुद्धा नाही.

टप्पा १: वरचं पांघरूण उलटा

ग्रेटर ओमेंटम पोटावर पदरासारखं पसरलेलं असतं. त्याची खालची कड धरून सरळ वर, छातीकडे उलटवा. त्याच्याबरोबर ट्रान्सव्हर्स कोलन (मोठ्या आतड्याचा आडवा भाग) आणि त्याला धरणारा पडदा, ट्रान्सव्हर्स मेसोकोलनही वर येतील, ते यायलाच हवेत. कॉस्टल मार्जिनवर, म्हणजे बरगड्यांच्या कडेवर, हे सगळं ठेवा आणि एकाने हाताने धरून ठेवा.

कधी कधी ओमेंटम एखाद्या जुन्या ऑपरेशनच्या जागेला किंवा पेल्व्हिसमध्ये चिकटलेलं असतं. ओढून तोडू नका, बोटाने हळू सोडवा. सुटत नसेल तर शिक्षकांना बोलवा.

तपासणी: मेसोकोलनची खालची, म्हणजे मागची बाजू तुम्हाला दिसतेय का? दिसत नसेल तर कोलन अजून खालीच आहे, पुढे जाऊ नका.

टप्पा २: दोन खुंट्या शोधा

लहान आतडं म्हणजे दोन खुंट्यांना बांधलेली लांब दोरी असं समजा. मधली दोरी कुठेही लोळते, खुंट्या हलत नाहीत. म्हणून आधी खुंट्या, मग दोरी.

पहिली खुंटी डुओडेनोजेजुनल फ्लेक्शर, ड्युओडेनम संपून जेजुनम सुरू होतं ते वळण, आपण डीजे म्हणू. कोलन वर धरलेलं असताना मेसोकोलनच्या मुळाशी हात घाला, मणक्याच्या लगेच डावीकडे, म्हणजे स्प्लीनकडे. एल-२ (कमरेचा दुसरा मणका) ची डावी बाजू, मिडलाइनपासून साधारण अडीच सेंटिमीटर. तिथे एक लूप असा मिळेल की ज्याचं एक टोक मोकळं पुढे येतं आणि दुसरं टोक मागच्या भिंतीत शिरून गायब होतं. हलकं ओढून बघा: पुढचा भाग येईल, पण वळण जागचं हलणार नाही. तिला जागेवर धरून ठेवतो तो ट्राइट्झचा लिगामेंट, डायफ्रॅमच्या राइट क्रसपासून येणारा. तो या टप्प्याला दिसत नाही, शोधायला जाऊ नका.

सावध: डीजेच्या डावीकडे पेरिटोनियमची (पोटाच्या आतलं पातळ अस्तर) एक बारीक घडी आणि तिच्या मागे खळगा असतो, पॅराड्युओडेनल रिसेस. त्या घडीच्या कडेतून इन्फिरिअर मेसेंटेरिक व्हेन जाते. "ही घडी कशाला मध्ये येतेय" म्हणून कात्री लावली की व्हेन गेली. दरवर्षी एका तरी टेबलावर हे होतं.

दुसरी खुंटी इलिओसीकल जंक्शन, लहान आतडं मोठ्याला मिळतं ती जागा. राइट इलियाक फॉसात (पोटाच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात) सीकम, म्हणजे मोठ्या आतड्याची सुरुवात, शोधा. ओळखायची खूण टीनिया, त्या तीन पांढरट पट्ट्या. आतडं फुगलेलं आहे म्हणून ते कोलन असं ठरवू नका, गॅसने फुगलेलं इलियमही (लहान आतड्याचा खालचा भाग) तसंच दिसतं. पुढची टीनिया खाली पकडत गेलात की अपेंडिक्सच्या बुंध्याशी पोचता. सीकमच्या आतल्या बाजूला, मणक्याकडच्या, जो टीनिया नसलेला पाईप येऊन मिळतो ते टर्मिनल इलियम. ते बऱ्याचदा पेल्व्हिसमधून वर चढत येतं.

दोन्ही ठिकाणी एकेक दोरा सैल बांधा. डीजेला लाल, टर्मिनल इलियमला पांढरा. टेबलावरच्या सगळ्यांना सांगा की लाल म्हणजे सुरुवात. पुढच्या आठ दिवसांत हे दोन दोरे किती वाद वाचवतात ते बघाच.

टप्पा ३: मधला कुठलाही लूप धरा आणि दिशा सांगा

हा टप्पा मुलं गाळतात आणि स्पॉटरला, म्हणजे नमुना ओळखायच्या परीक्षेत, नेमकं तिथेच अडकतात. डोळे झाकून एक लूप उचला. आता मेसेंटरीच्या दोन्ही बाजूंनी एकेक हात सपाट ठेवून मागे, मुळापर्यंत सरकवा. मध्ये पीळ असेल तर हाताला कळतो, तो उलगडा. पीळ नसताना मेसेंटरीची उजवी बाजू उजवीकडे आणि डावी बाजू डावीकडे येते, मग लूपचं जे टोक वर आणि डावीकडे जातं ते डीजेकडचं, जे खाली आणि उजवीकडे जातं ते सीकमकडचं. पटत नसेल तर हाताने आतडं सरकवत दोऱ्यापर्यंत जा आणि खात्री करा. चार-पाच वेळा केलंत की बोटांनाच सवय होते.

लांबी मोजायची हौस सगळ्यांना असते, मोजा. कॅडॅव्हरमध्ये डीजेपासून इलिओसीकलपर्यंत साधारण ६ मीटर भरतं, पण जिवंत माणसात भिंतीच्या टोनमुळे बरंच कमी असतं, आणि टेबलावर तुम्ही ताणून धरलंत तर जास्त येतं. म्हणून न ओढता मोजा आणि वहीत "कॅडॅव्हरमध्ये" हा शब्द लिहा. या लांबीचा वरचा २/५ भाग जेजुनम, खालचा ३/५ इलियम. मध्ये कुठलीही रेघ नाही, हळूहळू बदल होतो.

टप्पा ४: मेसेंटरीचं मूळ

आता सगळी वेटोळी एकत्र करून स्प्लीनकडे लोटा. तुमच्यासमोर मेसेंटरीची उजवी बाजू पसरली पाहिजे आणि तिची मागच्या भिंतीवरची तिरकी ओळ दिसली पाहिजे: एल-२ च्या डावीकडून खाली राइट सॅक्रोइलियाक जॉइंटपर्यंत. टेप लावा, साधारण १५ सेंटिमीटर.

१५ सेंटिमीटरच्या मुळाला ६ मीटरचं आतडं कसं लागतं हे न समजल्यामुळे पुढचं सगळं चुकतं. सहावारी साडीच्या निऱ्या आठवा. कंबरेला खोचलेला भाग वीतभर, खाली घेर केवढा तरी. मेसेंटरी अगदी तशीच चुणीदार आहे, आणि मध्यभागी मुळापासून आतड्यापर्यंत तिची रुंदी २० सेंटिमीटरपर्यंत असते. सगळ्या आर्टऱ्या त्या खोचलेल्या जागेतून शिरतात आणि घेराकडे पंख्यासारख्या पसरतात. म्हणून मुळाशी एक इंच चूक केलीत तर खाली हातभर आतड्याचा पुरवठा हरवतो.

मूळ कशाकशावरून जातं ते बोट ठेवून मोठ्याने म्हणा, वरून खाली: ड्युओडेनमचा तिसरा भाग, ॲओर्टा, इन्फिरिअर व्हेना कावा, राइट सोआस, राइट युरेटर, आणि राइट गोनॅडल व्हेसल्स. युरेटर अजून पेरिटोनियमच्या मागे आहे, आत्ता उघडायचा नाही, फक्त कुठे असेल ते दाखवा.

टप्पा ५: उजवा पदर सोला, एसएमव्ही आणि एसएमए काढा

इथे सगळ्यात जास्त नुकसान होतं म्हणून जरा सावकाश.

वेटोळी डावीकडेच राहू द्या. मुळाच्या उजव्या कडेला, मुळाला समांतर, पेरिटोनियमला छोटा छेद द्या, नुसता वरचा पापुद्रा. कात्रीची टोकं बंद करून आत सरकवा आणि मग उघडा, म्हणजे पापुद्रा खालच्या चरबीपासून सुटतो. मग फोर्सेप्सने कड धरून आतड्याकडे सोला. ताज्या कांद्याचं पातळ साल निघतं तसं ते निघायला हवं. जाड आणि चरबीसकट येत असेल तर तुम्ही खोल गेलात, थांबा. डाव्या बाजूचा पदर अजिबात सोलायचा नाही, तोच पुढे सगळ्या व्हेसल्सना आधार देतो. दोन्ही बाजू सोलल्या की मेसेंटरीची मच्छरदाणी होते.

आता बोटाने चाचपा. मुळाच्या बाजूने खाली जाणारी एक घट्ट, बोटाखाली किंचित घरंगळणारी दोरी लागेल, ती एसएमए. तिच्या उजवीकडे, लिव्हरकडे, रुंद, चपटी, काळपट, आत गोठलेल्या रक्तामुळे कुठे कुठे गाठाळ वाटणारी ती एसएमव्ही. व्हेन उजवीकडे, आर्टरी डावीकडे, हे पक्कं. (उलट दिसलं तर शिक्षकांना दाखवा, आतड्याच्या मालरोटेशनमध्ये, म्हणजे गर्भात आतडं नीट न वळल्यास, असं असू शकतं.)

माझं पहिलं वर्ष होतं तेव्हा आमच्या टेबलावर आम्ही व्हेन "मध्ये येते" म्हणून आधी कापून टाकली होती, आणि नंतर पोर्टल व्हेन कशी बनते ते दाखवायला आमच्याकडे खालचा अर्धा भागच नव्हता. दुसऱ्या टेबलाच्या मागे उभं राहून बघावं लागलं. तेव्हापासून माझा नियम आहे: मोठी एसएमव्ही शेवटपर्यंत ठेवायची, फक्त बारीक उपशिरा, ज्या एखाद्या आर्टरीला पूर्ण झाकतात, त्या दाखवून झाल्यावर काढायच्या.

आर्टरीभोवती पांढरट चिवट जाळं असतं, नुसता फायब्रस टिश्यू वाटतो. ते सुपिरिअर मेसेंटेरिक नर्व्ह प्लेक्सस आहे. थोडा तुकडा राखून ठेवा, बाकीचं आर्टरीच्या लांबीच्या दिशेने सोला, आडवं ओढू नका, बारीक ब्रांचेस आडव्याच तुटतात. मधेमधे शेंगदाण्याएवढे, हरभऱ्याएवढे तपकिरी गोळे मिळतील ते लिम्फ नोड्स. त्यातले दोन-तीन ठेवा, सगळे उपटू नका.

वर जाताना बघा की एसएमए ड्युओडेनमच्या तिसऱ्या भागाच्या पुढून खाली उतरते. म्हणजे तिसरा भाग पुढे एसएमए आणि मागे ॲओर्टा यांच्या बेचक्यात आहे. माणूस खूप वाळला, तिथली चरबी गेली, की हा कोन अरुंद होतो आणि ड्युओडेनम दाबलं जातं, तेच एसएमए सिंड्रोम. अजून वर, उगमाजवळ, त्याच बेचक्यातून लेफ्ट रीनल व्हेन जाते. आर्टरीचा उगम एल-१ ला, सीलिॲक ट्रंकच्या साधारण १ सेंटिमीटर खाली, पॅनक्रियाच्या मागे. तिथे आत्ता पोचायचा हट्ट नको, पॅनक्रिया उचलल्यावर आपोआप दिसेल.

तपासणी: बोट एसएमए आणि तिसऱ्या भागाच्या मध्ये घालता येतंय? आर्टरी पुढे, ड्युओडेनम मागे? हो असेल तर पुढे चला.

टप्पा ६: उजवीकडच्या ब्रांचेस, खालून वर

पुस्तकात क्रम वरून खाली असतो, टेबलावर खालून वर सोपं जातं. कारण इलिओकॉलिक सगळ्यात भरवशाची. सीकम हाताने खाली आणि बाहेर हलकं ताणा, मेसेंटरीत एक ताठ दोरी उभी राहील, धनुष्याच्या दोरीसारखी. तीच इलिओकॉलिक. तिच्यावरून मागे गेलात की एसएमएचा खोड मिळतो. पुढे गेलात की असेंडिंग कॉलिक, पुढची-मागची सीकल, अपेंडिक्युलर आणि इलियल ब्रांच. अपेंडिक्युलर टर्मिनल इलियमच्या मागून जाते, पुढून शोधत बसू नका.

राइट कॉलिक मिळाली नाही तर घाबरू नका. बऱ्याच देहांत ती एसएमएपासून वेगळी निघतच नाही, इलिओकॉलिक किंवा मिडल कॉलिकपासून येते. नसलेली ब्रांच तयार करायला चरबीची दोरी सोलून ठेवलेली मी पाहिली आहे, तसं करू नका. "आमच्या कॅडॅव्हरमध्ये वेगळी नाही" हे उत्तर पूर्ण बरोबर आहे आणि परीक्षकाला आवडतं.

मिडल कॉलिक ट्रान्सव्हर्स मेसोकोलनमध्ये असते, त्यासाठी कोलन वर धरलेलंच हवं. इन्फिरिअर पॅनक्रियाटिकोड्युओडेनल सगळ्यात वरची आणि सगळ्यात नाजूक, टप्पा ९ साठी ठेवा.

टप्पा ७: डावीकडच्या ब्रांचेस, आणि जेजुनम की इलियम

एसएमए डावीकडे फुगीर बाक घेते आणि त्या बाकातून १२ ते १५ जेजुनल आणि इलियल ब्रांचेस निघतात. सगळ्या साफ करायच्या नाहीत! वेळही जातो आणि शेवटी थकून मुलं ओढाओढी करतात. तीनच जागा निवडा: लाल दोऱ्यापासून हातभर अंतरावर एक, मध्यावर एक, आणि पांढऱ्या दोऱ्याच्या जवळ एक. प्रत्येक जागी तळहाताएवढा भाग, उजव्या पदरातूनच, नीट साफ करा.

साफ करायची दिशा नेहमी मुळाकडून आतड्याकडे. चरबी बोथट फोर्सेप्सच्या टोकाने चिमटून काढा, खरवडू नका. ब्रांच दोन फाट्यांत विभागते, शेजारणीच्या फाट्याला जाऊन मिळते आणि कमान तयार होते, त्या कमानीतून पुन्हा ब्रांच, पुन्हा कमान. शेवटच्या कमानीतून सरळ बारीक आर्टऱ्या आतड्याकडे जातात, कंगव्याच्या दातांसारख्या, त्या व्हासा रेक्टा.

आता तीनही जागा शेजारी शेजारी धरून बघा.

वरच्या जागी कमानी १ किंवा २, व्हासा रेक्टा लांब आणि विरळ. चरबी मुळाकडे जास्त आणि आतड्याच्या कडेला कमी, त्यामुळे कडेजवळ पारदर्शक खिडक्या राहतात. टेबलाच्या दिव्यासमोर धरलंत की उजेड आरपार येतो. भिंत बोटात जाड लागते, आत घड्या असल्याचं बाहेरूनही जाणवतं, चिमटीत धरून सरकवलं की दुहेरी कापडासारखं वाटतं. खालच्या जागी कमानी ३ ते ६ पर्यंत, एकावर एक, व्हासा रेक्टा आखूड आणि दाट, चरबी थेट आतड्याच्या कडेपर्यंत भिडलेली, खिडक्या नाहीत, भिंत पातळ, पोकळीही थोडी अरुंद.

ओळखताना खुणांचा क्रम असा ठेवा: आधी कमानी आणि व्हासा रेक्टाची लांबी, मग भिंतीची जाडी, मग खिडक्या. रंग कधीच नाही. खिडक्या तिसऱ्या क्रमांकावर कारण स्थूल देहात जेजुनमच्या मेसेंटरीतही चरबी भरपूर असते आणि खिडक्या बुजतात. आणि मधल्या जागेवरून भांडू नका, ती दोन्हींसारखी थोडी थोडी दिसणारच. परीक्षेत शक्यतो टोकाकडचाच नमुना ठेवतात.

व्हासा रेक्टा जवळून बघा, नाक टेबलाला लागेल इतकं वाका. एक दात आतड्याच्या एका बाजूला जातो, पुढचा बहुधा दुसऱ्या बाजूला. कमानींमध्ये आपसात जोडणी भरपूर, पण व्हासा रेक्टामध्ये आतड्याला पोचण्याआधी जोडणी नाही, म्हणून त्यांना एंड आर्टरी म्हणतात. अर्थ सरळ आहे: एखादी कमान बंद पडली तर बाजूने रक्त येऊ शकतं, पण आतड्याच्या कडेजवळचे दात ओळीने तुटले तर तेवढा पट्टा मरतो. सर्जन आतड्याच्या कडेला मेसेंटरी जपून सोडवतात ते यासाठी.

तपासणी: पार्टनरने एक जागा कपड्याने झाकावी, फक्त तळहाताएवढा भाग उघडा ठेवावा, तुम्ही कारणासकट सांगावं. तीनपैकी तीन बरोबर आलं तरच पुढे.

टप्पा ८: आतडं काढा आणि उघडा

हा टप्पा सातव्याच्या आधी केलात तर सगळं संपलं, कमानी दिसायच्या आधीच मेसेंटरी सुटते. सात पूर्ण झालाय ना?

डीजेच्या थोडं पुढे दोन गाठी मारा, २-३ सेंटिमीटर अंतराने, घट्ट. तसंच टर्मिनल इलियमवर. दोन गाठींच्या मध्ये कापा. एकच गाठ मारून कापलंत तर आतला मळ पोटात सांडतो आणि पुढचे दोन आठवडे सगळं टेबल त्याचा त्रास सहन करतं. मग मेसेंटरी आतड्याच्या अगदी कडेने कापत जा. पण साफ केलेल्या तीन जागा तशाच ठेवा, तेवढे आतड्याचे तुकडे कमानींसकट देहातच राहू द्या, दोन्ही टोकांना गाठ मारून.

काढलेलं आतडं सिंकवर नेऊन नळाच्या हलक्या धारेने आतून धुवा. उघडायच्या आधी बाहेरून एकदा नजर टाका, विशेषतः इलिओसीकलपासून मागे साधारण ६० सेंटिमीटरवर, मेसेंटरीच्या विरुद्ध कडेला. तिथे बोटासारखा फुगा असेल तर तो मेकेल्स डायव्हर्टिक्युलम, साधारण २ टक्के लोकांत असतो. तो कापू नका, सगळ्या बॅचला दाखवा.

आता उघडताना: जेजुनम कुठूनही उघडा, इलियम मात्र मेसेंटरी लागलेल्या कडेनेच. कारण पायर्स पॅचेस (भिंतीतले लिम्फ टिश्यूचे पुंजके) विरुद्ध कडेला असतात आणि तिथून कात्री चालवलीत तर नेमक्या त्याच कापल्या जातात. जेजुनममध्ये आडव्या घड्या मोठ्या आणि दाट, ताणल्या तरी जात नाहीत. इलियममध्ये त्या विरळ होत टर्मिनल भागात जवळजवळ नाहीतच. पायर्स पॅचेस लांबट अंडाकृती, आतड्याच्या लांबीच्या दिशेने. उजेडासमोर धरून शोधा. वयस्कर देहात त्या बऱ्याचदा सुकून गेलेल्या असतात, आणि देहदानातून येणारे देह बहुतेक वयस्करच, त्यामुळे नाही दिसल्या म्हणून हे इलियम नाही असा निष्कर्ष काढू नका.

टप्पा ९: ड्युओडेनम आणि दोन पुरवठ्यांची सीमा

आता पोटात जागा झाली आहे. ड्युओडेनम साधारण २५ सेंटिमीटर, चार भाग: ५, ८, १० आणि २.५. पहिला एल-१ ला, दुसरा उजव्या बाजूने उतरत एल-३ पर्यंत, तिसरा एल-३ वर आडवा, चौथा चढून एल-२ ला डीजेपाशी.

दुसऱ्या भागाच्या बाहेरच्या, उजव्या कडेला पेरिटोनियम उभा कापा आणि बोटांनी ड्युओडेनम पॅनक्रियाच्या डोक्यासकट मणक्याकडे उलटवा. काहीही न तुटता ते उलटतं, कारण सगळ्या व्हेसल्स आतल्या, पॅनक्रियाकडच्या बाजूने येतात. बाहेरची कड कोरडी आहे. सर्जन ऑपरेशनमध्ये हेच करतात, कोकर मॅन्युव्हर म्हणतात.

ड्युओडेनम आणि पॅनक्रियाच्या मधल्या खाचेत, पुढे आणि मागे, दोन कमानी शोधा. वरून गॅस्ट्रोड्युओडेनलपासून सुपिरिअर पॅनक्रियाटिकोड्युओडेनल, म्हणजे सीलिॲकचं रक्त. खालून इन्फिरिअर, म्हणजे एसएमएचं. खालची बऱ्याचदा पहिल्या जेजुनल ब्रांचबरोबर एकाच खोडातून निघते, म्हणून मुळाशी शोधताना डावीकडेही बघा.

मग दुसरा भाग उघडा, पण पुढच्या-बाहेरच्या भिंतीतून. आतल्या भिंतीतून कात्री घातली तर पॅपिला (बाइल डक्ट उघडते तो उंचवटा) गेला. मेजर पॅपिला मागच्या-आतल्या भिंतीवर, पायलोरसपासून ८ ते १० सेंटिमीटरवर, मायनर त्याच्या साधारण २ सेंटिमीटर वर. मेजर पॅपिलावर बोट ठेवा आणि म्हणा: इथपर्यंत फोरगट (गर्भातल्या आतड्याचा पुढचा भाग), सीलिॲक, इथून पुढे मिडगट (मधला भाग), एसएमए. मुलं ही सीमा डीजेला ठेवतात, ते चूक आहे.

पहिल्या भागाच्या मागे गॅस्ट्रोड्युओडेनल, बाइल डक्ट आणि पोर्टल व्हेन आहेत ते बघून घ्या. मागच्या भिंतीचा अल्सर खोल गेला की हीच गॅस्ट्रोड्युओडेनल फुटते. आणि पॅनक्रियाच्या नेकमागे एसएमव्ही स्प्लेनिक व्हेनला मिळून पोर्टल व्हेन कशी तयार होते तेही आत्ताच दाखवा. टप्पा ५ मध्ये एसएमव्ही वाचवली असेल तरच हे जमेल.

टप्पा १०: टेबल सोडायच्या आधी

एकमेकांना हे तीन प्रश्न विचारा, बोट ठेवून उत्तर द्या, नुसतं तोंडी नाही.

हृदयातून सुटलेली गुठळी एसएमएत कुठे अडकते? बहुतेकदा मिडल कॉलिक निघाल्यानंतर लगेच. मग कुठलं आतडं वाचतं? सुरुवातीचं जेजुनम, कारण त्याच्या ब्रांचेस आधीच निघून गेल्या. ती जागा दाखवा.

आतड्याचं दुखणं सुरुवातीला बेंबीभोवती का? कारण मिडगटच्या वेदना पाठीच्या कण्यातल्या टी-१० नर्व्हच्या आसपास पोचतात आणि बेंबीची त्वचा टी-१० ची.

ड्युओडेनमचा तिसरा भाग न कापता वर कसा काढाल? मेसेंटरीचं मूळ आणि त्यातल्या व्हेसल्स पुढून जातात, म्हणून सरळ वर येणारच नाही. उचलून बघा, एसएमए ताणलेली बोटाला लागेल. जोर करू नका.

झाकताना राखलेले तीन तुकडे आपापल्या जागी ठेवा, दोरे सुटलेत का बघा, व्हेसल्सवर ओला कपडा घाला आणि कोलन, ओमेंटम पुन्हा खाली उतरवा. उघडं ठेवलंत तर दुसऱ्या दिवशी व्हासा रेक्टा वाळून कडक होतात आणि हात लागला की तुटतात. काढलेलं धुतलेलं आतडं त्याच टेबलाच्या नंबरच्या डब्यात गेलं पाहिजे, कारण देहाचा प्रत्येक भाग शेवटी त्या देहाबरोबरच जायचा असतो. डब्यावर नंबर लिहिलाय ना, ते निघताना दोघांनी बघा.